ओपल प्रूइटचे बिल्ले

सासूबाई गेल्यावर तिसऱ्या शनिवारी
आम्ही त्यांचा ड्रॉवर उपसला.
शिवणाच्या सुया, चिकटून गोळा झालेल्या आंबट गोळ्या,
आणि रबरबँडात बांधलेले सात बिल्ले.

सातही फोटोंत ओपल प्रूइट.
दर खेपेला थोडी अधिक पिकलेली,
दर खेपेला कॅमेऱ्यावर तेवढीच वैतागलेली.
बदललं फक्त वरचं नाव.
करार संपला, नव्या निविदा निघाल्या,
या कंपनीनं त्या कंपनीला गिळलं.
शुक्रवारी एकीनं कमी करायचं,
सोमवारी दुसरीनं घ्यायचं,
त्याच हँगरात, त्याच स्टुलावर.
साठलेल्या रजा मात्र पुन्हा शून्यापासून.

यान सरकारचं, असं टायटसव्हिलमधलं शेंबडं पोरही सांगे.
सरकार आठवड्यातून एकदा येई,
सही करी
आणि कॉफीला नावं ठेवून जाई.

तिचं काम फरशांचं.
यानाच्या पोटाला फरशा चिकटवायच्या,
हातात घेतल्या तर शिळ्या पावाइतक्या हलक्या,
एकीसारखी दुसरी नाही,
म्हणून प्रत्येकीला नंबर.
एका फरशीवर कधी दीड दिवस जाई.
डिंक लवकर धरेना की
ती इकडेतिकडे बघे आणि त्यात थुंके.
सगळ्याच बायका थुंकायच्या.
कुठल्याच करारात थुंकीचं कलम नव्हतं.

(साहेबाची थुंकी मात्र तिनं कधी झेलली नाही,
म्हणून सात बिल्ल्यांत एकही बढती नाही.)

मग एक कोवळा इंजिनियर कागद घेऊन आला.
म्हणाला, थुंकीनं जोड कच्चा राहतो.
त्या दिवसापासून तिनं थुंकणं सोडलं.
पण आधीच्या फरशा?
त्या तर वर होत्या, फिरत होत्या,
कुठल्या नंबरात आपलं तोंड मिसळलंय
ते तिलाही आठवेना.

त्यानंतर यान परतायचं असलं की
ती पहाटेच अंगणात जाऊन उभी राही.
रोबशातच. पायांत जावयाच्या, म्हणजे माझ्या, चपला.
आकाशात एकापाठोपाठ दोन धमाके होईपर्यंत
कुणाशी बोलत नसे.
धमाके झाले की म्हणे, चला, अंडी कुणाला हवीत?

सातव्या बिल्ल्याचा कोपरा कापलेला आहे.
याने संग्रहालयांत गेली,
ती घरी आली.

मी नव्या कंपनीत लागलो तेव्हा
जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं,
आता रॉकेट आमचं, तळ आम्ही भाड्यानं घेतलाय,
सरकार नुसतं तिकीट काढतं.
तिनं मक्याचं कणीस खाली ठेवलं.
"म्हणजे तुम्ही टॅक्सीवाले."
"तसं म्हणा."
"आणि काही झालं,
तर झेंडा कुणाचा अर्ध्यावर उतरवायचा?
सरकारचा, की तुमच्या दुकानाचा?"
मी म्हटलं, करारात असेल ते.
ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली,
कॅमेऱ्याकडे बघायची तशी.

मी नंतर करार वाचायला मागितला.
माझ्या हुद्द्याला तो मिळत नाही.

काल रात्री बूस्टर परतला.
मी रात्रपाळीहून सुटून फाटकाशी पोचत होतो.
बायको अंगणात उभी,
आईचाच जुना रोब अंगावर, मान वर.
धमाके झाले. तीन.
आईच्या वेळी दोन असायचे.
तिसरा कशाचा, हे मला माहीत आहे,
सांगायला तोंडही उघडलं होतं,
पण ती अजून श्वास धरून होती.

"रिकामाच असतो गं तो," मी म्हटलं,
"आत माणूस नसतो."

"माहीत आहे," ती म्हणाली,
आणि चौथ्याची वाट बघत
तशीच उभी राहिली.